जुनी गादी जाते कुठे?

भिवंडीत काहीही विकलं जातं, असं आपण कॉलर ताठ करून सांगतो. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिकची बाटली, मोडकी सायकल, जळालेली मोटर, काहीही. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की आई गॅलरीतून आवाज देते, काटा निघतो, थोडी घासाघीस होते आणि पाच मिनिटांत अडगळ खाली, नोटा हातात.

आता एक प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी त्याला घरातली जुनी फोमची गादी दाखवा. तो गादीकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि हातगाडी पुढे ढकलेल. फुकट दिलीत तरी बहुतेक वेळा नेणार नाही.

मग ती गादी जाते कुठे? तुम्हालाही माहीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर दोघं जण ती उचलतात आणि नाक्यावरच्या कचऱ्याच्या ढिगाला टेकवून येतात. सकाळच्या घंटागाडीत ती मावत नाही. पाऊस पडला की ती पाणी पिऊन इतकी जड होते की चौघांनाही उचलत नाही. कुत्री ती फाडतात, फोमचे तुकडे नाल्यात जातात. उरलेली कधीतरी डंपरमधून डम्पिंग ग्राउंडवर पोहोचते. भिवंडीचा कचरा वर्षानुवर्षं चाविंद्र्याच्या डम्पिंग ग्राउंडवर जात आला आहे. तिथली आग आणि धूर आजूबाजूच्या लोकांना नवा नाही.

हा लेख त्या गादीबद्दल आहे. आणि तिच्याबरोबर सोफा, फ्रिज, जुना डब्बा टीव्ही, कमोड, ट्यूबलाइट यांच्याबद्दलही. म्हणजे घंटागाडीत न मावणाऱ्या आणि कुठे द्यायच्या हे कुणीच न सांगणाऱ्या वस्तूंबद्दल.

काट्याचा नियम

भंगाराच्या धंद्याला पर्यावरण वगैरे शब्दांची गरज नसते. त्याचे नियम तीन. किलोला भाव मिळायला हवा, माल एकाच जातीचा हवा आणि त्याने गोदामात कमी जागा खायला हवी. लोखंडी कपाट तिन्ही पेपरांत पास. गादी तिन्हीत नापास. ती हलकी आहे, अवाढव्य आहे आणि तिच्या पोटात कापड, फोम, काथ्या, स्प्रिंगा नि गोंद एकमेकांना चिकटून बसलेले आहेत. ते सोडवायला जितकी मजुरी लागेल, तितके पैसे मालातून निघत नाहीत.

हा नियम भिवंडीला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या शहराने गेल्या काही वर्षांत तो फार जवळून पाहिलाय. धंदा बसला तसे कित्येक कारखान्यांतले यंत्रमाग बाहेर काढले गेले आणि किलोवर विकले गेले. ज्या मागाच्या खटखटीवर घरं चालली, पोरांच्या फिया भरल्या गेल्या, तो माग बीड वेगळं, लोखंड वेगळं, मोटर वेगळी असा सुटा होऊन टेम्पोत चढला. बघणाऱ्याला वाईट वाटतं, पण हे लोखंड वाया मात्र गेलं नाही. काट्यावर ज्याला किंमत आहे ते वाया जात नाही, हे या शहराला पक्कं ठाऊक आहे. प्रश्न आहे तो काट्यावर किंमत नसलेल्यांचा.

त्यात आपली आणखी एक गंमत. काल्हेर, राहनाळ, दापोडा, माणकोलीकडच्या गोदामांतून रोज किती नवे फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफे आणि गाद्या मुंबई-ठाण्याकडे रवाना होतात ते बायपासच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की कळतं. नवं सामान भिवंडीतून निघतं. त्याच्या जागी बाहेर पडणारं जुनं सामान कुठे उतरतं, तेही आपल्या भंगार गोदामांकडे बघितलं की कळतं. त्या गोदामांना आग लागल्याची बातमी उन्हाळ्यात तर नेहमीची. म्हणजे हा विषय कुठल्या परदेशी डॉक्युमेंटरीतला नाही, धामणकर नाक्यावरून रिक्षाने पोहोचता येईल इतका जवळचा आहे.

कपाट सुटतं, कारण वाट तयार आहे

आधी पास होणाऱ्याचं बघू. आजीच्या लग्नातलं लोखंडी कपाट गंजलं, दार निखळलं, विकलं. पुढे? छोट्या भंगारवाल्याकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून भट्टीकडे. आपल्या शेजारच्या वाड्यात आणि तिकडे जालन्यात भंगार वितळवून पोलाद करणारे कारखाने आहेत. जालन्याच्या सळया तर राज्यभर प्रसिद्ध आहेत. त्यामुळे आजीचं कपाट उद्या एखाद्या बिल्डिंगच्या कॉलममध्ये उभं असू शकतं. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एक टन भंगार वापरलं की साधारण १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. जुन्या भांड्यांपासून ते पुन्हा तयार करायला खनिजापासून काढण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते.

तांब्याचा बंब, पितळी हंडा या वस्तूंची वाट तर भंगारवाल्याच्याही आधीची. भांड्यांच्या दुकानात मोड द्यायची, वजनाचे पैसे वळते करून नवं भांडं आणायचं. जुन्या कपड्यांसाठी बोहारीण होती, आजही काही गल्ल्यांत आहे. फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. आपल्या घरांत ‘फेकून देणं’ हा प्रकार तसा नवाच आहे. जुन्या वस्तूंना घरातून बाहेर पडायला ठरलेला दरवाजा होता आणि त्या दरवाजात उभा असलेला ठरलेला माणूस होता.

गादीलाही होता.

पिंजाऱ्याला विचारा

कापसाची गादी कधी मरत नाही, असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात आणि ते जवळजवळ खरं आहे. चार-पाच वर्षांत कापूस दबतो, गोळे होतात, कंबर दुखायला लागते. मग पिंजाऱ्याला बोलवायचं. तो खोळ उसवतो, कापूस मोकळा करतो, पिंजतो, गरज असेल तर थोडा नवा कापूस मिसळतो, पुन्हा भरतो आणि जाड दोऱ्याने टाके घालतो. जुन्या हाताच्या पिंजणाची जागा आता बऱ्याच ठिकाणी मोटरवर फिरणाऱ्या मशीनने घेतली आहे. पण गादीवाल्याच्या दुकानात हे काम अजून होतं, आणि नव्या गादीपेक्षा स्वस्तात होतं. हीच ती रिसायकलिंग. फक्त तिला आपण कधी इंग्रजी नाव दिलं नाही, म्हणून ती आपल्याला कूल वाटली नाही.

घरात कापसाची गादी असेल तर ती टाकायची नाही, पिंजून घ्यायची. इतका सोपा नियम आहे. आणि पिंजायचं काम चालू असताना समोर उभे असाल तर त्या माणसाच्या नाकातोंडावर काही बांधलेलं आहे का तेही बघा. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दम लागायचा आजार जडतो. सुताच्या शहराला हे नव्याने सांगायला नको.

फोमच्या गादीचं गणित वेगळं. जुना फोम बारीक तुकडे करून, चिकटद्रव्य घालून, दाबून त्याच्या कडक लाद्या करता येतात. त्याला रिबॉन्डेड फोम म्हणतात. दुकानातल्या ‘ऑर्थोपेडिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच घट्ट गाद्यांच्या पोटात हाच माल असतो. जिममधल्या मॅटमध्येही तो वापरतात. स्प्रिंगच्या गादीतलं पोलाद भट्टीत जाऊ शकतं. म्हणजे वाट आहे. पण तिला दोन अटी आहेत. गादी कोरडी हवी आणि ती एकटीदुकटी नको. एका गादीसाठी कुणी टेम्पो काढणार नाही, पन्नास गाद्या एका जागी असतील तर विचारेल तरी.

ही ‘कोरडी’ची अट भिवंडीत किती अवघड आहे ते जुलैमध्ये कळतं. मोठा पाऊस झाला की तीनबत्ती, निजामपुऱ्याच्या सखल भागात पाणी शिरतं. पाणी ओसरलं की दुसऱ्या दिवशी दारोदार गाद्या उभ्या. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या. त्यांचं काहीच होत नाही. कुणी वैतागून पेटवून दिल्या तर आणखी वाईट. फोम जळताना कार्बन मोनॉक्साईडबरोबर हायड्रोजन सायनाईडही बाहेर पडतो. सायनाईड म्हणजे तुम्ही सिनेमात ऐकलाय तोच.

काटा जिथे फसवतो

आता जरा उलटी बाजू. काही वस्तू काट्यावर झटकन पास होतात, आणि तिथेच घात होतो.

फ्रिज घ्या. भंगारात त्याची खरी किंमत कॉम्प्रेसरमधल्या नि नळ्यांमधल्या तांब्याची आणि पत्र्याची. घाईत नळी कापली जाते, फुस्स आवाज येतो आणि आतला गॅस हवेत. आवाज एवढासाच, हिशेब मोठा. गेल्या वीसेक वर्षांतल्या अनेक फ्रिजमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण शंभर ग्रॅम. पण तापमान वाढवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे चौदाशे पट भारी. म्हणजे एका ‘फुस्स’मध्ये जवळपास १४० किलो कार्बन डायऑक्साईडएवढं नुकसान. पन्नासचं मायलेज देणारी बाईक तीनेक हजार किलोमीटर चालवली तर तेवढा धूर निघेल. नागपूरहून आपल्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो चार वेळा पार केल्यासारखं झालं. (बाईकला तिथे परवानगी नाही, हिशेबापुरतं धरा.) सन दोन हजारच्या आधीचा फ्रिज असेल तर त्यातला गॅस याहून कितीतरी पट घातक, शिवाय ओझोनचा थर विरळ करणारा. आणि नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. तो हवामानाला सौम्य, पण चटकन पेट घेणारा. जवळ गॅस कटर चालू असेल तर? फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, आजच बघून घ्या.

जुना डब्बा टीव्ही. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. आतलं तांबं काढायला ट्यूब फोडली की काच उडते आणि शिसं मातीत उरतं. वायर जाळून तांबं काढलं की वरच्या पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो, पण ती फुटली की तो वाफ होऊन श्वासात जातो. आपण मात्र ट्यूबलाइट कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर डोकावत ठेवून देतो. ती ज्या कचरावेचक ताईच्या हातात फुटते, तिच्याकडे हातमोजे असतातच असं नाही.

यावर कायदा आहे का? आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. फ्रिज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीनपासून मोबाईलपर्यंत शंभरहून अधिक प्रकारची उपकरणं त्यात येतात. त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. २०२३-२४ साठी ६० टक्क्यांपासून सुरुवात, २०२७-२८ पासून ८० टक्के असं लक्ष्य घालून दिलंय. नोंदणी असलेल्या कारखान्यांतच हे काम व्हायला हवं. असा कारखाना फार लांबही नाही, वसईत आहे. पण नियम कागदावर आणि फ्रिज हातगाडीवर, अशी गत आहे. जगभरातही चित्र फार वेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्के.

गादी आणि सोफ्यासाठी तर आपल्याकडे बनवणाऱ्यावर अशी सक्तीच नाही. टायरला आहे, बॅटरीला आहे, प्लास्टिकच्या वेष्टनाला आहे. गादीला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या साखळीत भंगारवाला हा खलनायक नाही. तो नसता तर शहर केव्हाच कचऱ्याखाली गेलं असतं. त्याला फक्त तांब्याचे पैसे मिळतात. गॅस नीट काढून घेण्याचे, पारा जपण्याचे, गादी सोडवण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. जे काम फुकट करायला सांगितलं जातं ते होत नाही, हे इंटर्नशिप केलेल्या कुणालाही पटेल.

सोफा, प्लाय आणि पॅलेट

सोफ्याचा सांगाडा सागवानी किंवा शिसवी असेल तर तो टाकणं म्हणजे वेडेपणा. चांगला सुतार नि सोफा दुरुस्त करणारा कारागीर मिळाला की नवा फोम, नवं कापड, काम फत्ते. कापडासाठी भिवंडीत कुणाला लांब जावं लागणार आहे? प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डचं तसं नाही. एकदा पाणी लागलं की ते फुगतं, स्क्रू धरत नाही. आणि त्यात फॉर्मल्डिहाईडचा गोंद असतो, त्यामुळे शेकोटीत किंवा चुलीत घालायचं नाही. ज्या फ्लॅटपॅक टेबलाचा फोटो इन्स्टावर भारी दिसतो, त्याचं म्हातारपण असं असतं. विकत घेतानाच विचार करा. वस्तू स्क्रूने उघडते की सगळीकडून चिकटवलेली आहे? उघडत असेल तर दुरुस्त होईल आणि पुढे सुटीही होईल.

गोदामांच्या शहरात राहण्याचा एक फायदाही आहे. लाकडी पॅलेट. त्यांची बुक-शेल्फ, बेंच, बेड झक्कास होतात. फक्त शिक्का बघून घ्या. निर्यातीच्या पॅलेटवर ‘एचटी’ असं इंग्रजी अक्षरांत छापलेलं असेल तर लाकडाला उष्णता देऊन कीड मारलेली आहे, घरात चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाईड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते घरात आणू नका.

जातं, कमोड आणि इतर मंडळी

काही वस्तू कुठल्याच यादीत नसतात. पाटा-वरवंटा, जातं, फुटका कमोड, पायाने चालवायचं शिवणयंत्र, बंद पडलेला पियानो नाही पण हार्मोनियम नक्की.

दगडाचं जातं शंभर वर्षांनीही जातंच राहतं. कॉलेजच्या आवारात, वाचनालयात, एखाद्या शाळेच्या कोपऱ्यात ते मांडता येतं. शिवणयंत्राचा लोखंडी पाय कॅफेवाले टेबल करायला शोधत असतात. त्याआधी शिलाईकाम शिकवणाऱ्या एखाद्या महिला मंडळाला विचारा, मशीन तेलपाणी करून चालू होण्याची शक्यता जास्त. हार्मोनियम दुरुस्त करून भजनी मंडळाला देता येतं. फुटक्या टाइल्स आणि चिनी मातीचे तुकडे गच्चीवर चायना मोझॅकसाठी वापरतात. पांढऱ्या तुकड्यांची गच्ची उन्हाळ्यात कमी तापते. चंदीगडमध्ये नेक चंद नावाच्या सरकारी नोकराने फुटक्या बांगड्या, टाइल्स, कमोड आणि वॉश बेसिन जमवून गुपचूप एक अख्खी बाग उभी केली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आज लोक तिकीट काढून रॉक गार्डन बघायला जातात. आणि भिवंडीकरांसाठी खास. बंद झालेल्या मागाचा लाकडी धोटा कुठे मिळाला तर भंगारात जाऊ देऊ नका. तो तुमच्या शहराचा इतिहास आहे आणि भिंतीवर किल्ल्या अडकवायलाही भारी दिसतो.

पुण्याने वाट काढली

म्हणजे बहुतेक वस्तूंना कुठे ना कुठे जागा आहे. कारागीरही आहेत. मग अडतं कुठे? घरापासून त्या माणसापर्यंतच्या रस्त्यावर. एकट्या घराला ते शोधणं, टेम्पो करणं परवडत नाही.

पुण्यात हा रस्ता कचरावेचकांनीच बांधला. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पाठबळाने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. ही संस्था ‘व्ही-कलेक्ट’ नावाने नागरिकांकडून जुनं फर्निचर, गाद्या, ई-कचरा, कपडे असं नेहमीच्या गाडीत न जाणारं सामान घेते. ठरलेला दिवस, ठरलेली जागा. लोक सामान आणून देतात, चालण्यासारखं असेल ते पुन्हा वापरात जातं, उरलेलं ज्याच्या त्याच्या वाटेने.

जपानमध्ये मोठ्या कचऱ्याला ‘सोदाई गोमी’ म्हणतात. आधी फोन करून नोंदवायचं, दुकानातून स्टिकर विकत घेऊन सामानावर चिकटवायचं, ठरल्या दिवशी बाहेर ठेवायचं. टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीनसाठी तिथे २००१ पासून वेगळा कायदाच लागू आहे आणि टाकणारा त्याचे पैसे भरतो. जर्मनीत जुनं फर्निचर फुटपाथवर ठेवायचे दिवस असतात आणि पालिकेची गाडी यायच्या आत विद्यार्थी त्यातलं निम्मं उचलून आपापल्या खोल्या सजवतात. तिकडे शिकायला गेलेल्या सीनियर्सना विचारा, त्यांच्या खोलीतली खुर्ची कुठून आली.

आपल्याकडेही २०२३ च्या मेमध्ये केंद्राच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहरोशहरी ‘आरआरआर’ केंद्रं उघडायला सांगितलं गेलं होतं. वापर कमी करा, पुन्हा वापरा, पुनर्प्रक्रिया करा, अशी ती तीन अक्षरं. कल्पना चांगलीच आहे. पण अशी केंद्रं मोहिमेच्या काही दिवसांपुरती राहून चालणार नाहीत. गादी मोहीम बघून जुनी होत नाही.

तुमचे १२० तास

इथे तुमचा नंबर लागतो. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर वर्षाला १२० तास काम करायचं असतं. दरवर्षी त्यात झाडू मारून फोटो निघतातच. या वर्षी त्यातले दोन रविवार वेगळ्या कामाला द्या. कॉलेजच्या आसपासच्या चार सोसायट्या निवडा. पहिल्या रविवारी फक्त यादी करायची, कुणाकडे काय पडून आहे. पन्नास घरांत किती गाद्या आणि किती बंद टीव्ही निघतील याचा अंदाज तुम्ही आत्ता बांधा आणि मग यादीशी ताडून बघा. मधल्या दिवसांत गादीवाला, सुतार, भंगार व्यापारी आणि नोंदणीकृत ई-कचरा घेणारी संस्था यांच्याशी बोलून ठेवा. दुसऱ्या रविवारी एका मैदानात सगळ्यांना समोरासमोर आणा. पावसाळा टाळा, दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचा आठवडा बेस्ट. ती यादी घेऊन मग आपल्या नगरसेवकाकडे, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जा. ‘महिन्यातून एक दिवस मोठ्या सामानाची गाडी द्या’ अशी मागणी घरांच्या आकड्यांसकट समोर ठेवली की ती टाळणं जड जातं.

तोवर घरापुरतं एवढं नक्की करा.

• वस्तू तुटण्याआधी, भिजण्याआधी द्या. ‘असू दे पोटमाळ्यावर’ म्हणत पाच वर्षं ठेवलेला चालू मिक्सर पाच वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो.

• आधी चालू वस्तू ज्याला हवी त्याला. मग दुरुस्ती. मग सुटे भाग. भट्टी सगळ्यात शेवटी.

• फ्रिज, एसी, टीव्ही घरी उघडू नका. मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो.

• बंद फ्रिज अंगणात किंवा जिन्याखाली ठेवायची वेळ आली तर दार काढून ठेवा. लहान मुलं खेळताना आत शिरतात आणि आतून दार उघडत नाही.

• नवीन फ्रिज किंवा टीव्ही घेताना एक्स्चेंजमध्ये दिलेला जुना कुठल्या कारखान्यात जाणार, असं दुकानदाराला सरळ विचारा. दहा जणांनी विचारलं की त्याला उत्तर शोधावं लागेल.

• इन्व्हर्टरची जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. नव्यावर पैसे वळते होतात.

• ट्यूबलाइट आणि सीएफएल नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून, वर मार्करने नाव लिहून, घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळं द्या.

• गादी टाकायचीच असेल तर आधी गादीवाल्याला फोन करा. तो नाही म्हणाला तर प्राण्यांच्या निवारा केंद्राला विचारा. कोरडी असेल तोवरच.

भिवंडीकडे कापूस पिंजणारे आहेत, लोखंड ओळखणारे आहेत, कापडाचा तुकडा वाया न घालवणारे आहेत, सुतार आहेत, वेल्डर आहेत, टेम्पो तर हवे तेवढे आहेत. एवढ्या जुळणीचं शहर शोधूनही सापडणार नाही. आज घरी गेलात की पोटमाळ्यावर चढा आणि तिथे काय काय पडलंय त्याची यादी करा. कॉलेजच्या ग्रुपवर टाका. पहिली पन्नास नावं जमली की अर्धं काम झालंच म्हणून समजा.